उकिरड्यावरची तलंग

मंगळवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलंय. शेजारच्या पोल्ट्रीवाल्या आप्पांनी उन्हानं गळपटलेली तलंग जिवंतपणी उकिरड्यावर फेकली! चोच वासून धापा टाकत होती, पंख फाटलेला. मी तिला सावलीत आणलं, पाय ओले केले, थेंबथेंब पाणी पाजलं, जखमेला हळद लावली. दुपारभर चोच उघडीच. वाटलं, जाते आता.

दिवस कलताना तिनं कण्या टिपल्या, अन् आप्पा दारात हजर. "आमचीच हाय ती, द्या."

"जिती टाकली तवा कुणाची होती?"

"कोंबडीपायी शेजार तोडता व्हय?"

म्हणजे तोडतेय मी? मी दार लावून घेतलं. पिण्याचं पाणी त्यांच्याच बोअरचं आणतो आम्ही. उद्या नाही म्हणाले तर लांबच्या हापशावर जाईन, पण तलंग देणार नाही.