खांदा पुढे होता

४ मार्च

चि. भिंगरीस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नोकरी लागली, राहायला खोली मिळाली, घरमालकीण बोलघेवडी आहे, सगळं वाचून जीव भांड्यात पडला. तुझ्या आईला मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. ताईचं म्हणणं असं की नोकरी नक्की कसली हे तू सफाईने गाळलं आहेस. 'सामन्यांच्या चित्रीकरणाचं काम' एवढ्यावर तिचं समाधान होत नाही. मी म्हटलं, कॅमेरे घेऊन पळत असेल, ही पोरगी एका जागी कधी बसली आहे?

माझी लिफ्टची कामं जोरात चालू आहेत. परवा एका इमारतीत एक वकील आणि त्यांच्या सासूबाई मधल्यामध्ये अडकले. दोघांचा अबोला जुना. मी दार उघडलं तर दोघं मिळून लिफ्ट कंपनीला शिव्या देत होते. वकिलांची बायको मला म्हणाली, अजून थोडा वेळ राहू दिलं असतंत तर बरं झालं असतं.

आपल्या फुटबॉल संघाचं मात्र काही खरं नाही. तळाला जाऊन बसलो आहोत. हरण्याचं मला दुःख नाही, ती सवय तुझ्या आजोबांनीच लावून ठेवली आहे. राग येतो तो बाकीच्या थेरांचा. शनिवार दुपारचा सामना सोमवारी संध्याकाळी नेतात, का तर टीव्हीवाल्यांना बरं पडतं. तिकीट फोनमध्ये, म्हणजे फोनने मान टाकली की मी फाटकाबाहेर. दर वर्षी नव्या तीन जर्सी, त्यातली यंदाची तिसरी आजारी माणसाच्या जिभेच्या रंगाची. आपला गोली बॉल लांब मारायचा सोडून स्वतःच्या गोलसमोर इकडून तिकडे देत बसतो, जणू पाहुण्यांमध्ये बशी फिरवतोय. आणि खेळाडू असे लोळतात की वाटावं आता यांच्या घरच्यांना कळवावं लागणार.

हे सगळं मी गिळतो. एकच गोष्ट गिळवत नाही, ती खोली. लांब कुठेतरी पडद्यांसमोर बसून कोणीतरी आमचे गोल तपासतं. आम्ही उडी मारायची आणि हवेतच लटकायचं. ती खोली कुठे आहे ते कळू दे, तिथली लिफ्ट मी स्वतः बंद पाडून येईन.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बेकरीवाल्या बाई बसतात. पूर्वी नवऱ्याबरोबर यायच्या, ते गेल्यापासून एकट्या येतात. इतक्या वर्षांत आमचं बोलणं पंचाच्या अकलेपलीकडे गेलेलं नाही. परवा मात्र म्हणाल्या की तुमच्या ओरडण्याने माझा डावा कान गेला, दुकानात गिऱ्हाइकाला उजव्या बाजूला उभं करावं लागतं.

जेवत जा. नोकरीचं नीट लिही. आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
मामा


१५ मार्च

ती. मामास,
भिंगरीचा साष्टांग नमस्कार, या वेळी जरा लांबूनच.

तुझं पत्र वाचून मी हसत सुटले आणि शेवटच्या पानाला हसू आटोपतं घेतलं. मामा, मी त्या खोलीत आहे. चित्रीकरणाचं काम म्हणजे हेच. आणि इमारत एकमजली आहे, तेव्हा लिफ्टचा बेत तू सोड.

गोल द्यायचा की नाही हे मी ठरवत नाही. ते ठरवणारे पंच वेगळे. आमचे मुख्य पंच आधी दातांचे डॉक्टर होते, त्यामुळे 'थोडं मागे, अजून थोडं, झालंच' असं इतक्या मऊ आवाजात म्हणतात की आपण आपोआप आ करतो. माझं काम एवढंच, पास देणाऱ्याच्या पायातून बॉल सुटतो तो क्षण शोधायचा, चित्र थांबवायचं आणि सगळ्या कॅमेऱ्यांमधून चांगला कोन काढून द्यायचा. खोलीला खिडकी नाही. थंडी एवढी की आम्ही सगळे स्वेटर घालून बसतो. तुला वाटत असेल तसं तिथे कोणी खलनायक नाही. गोल रद्द झाला की कोणीही चहाला हात लावत नाही.

तरीही खरं सांगायचं तर मला हे काम आवडतं. सगळा आरडाओरडा चालू असताना एक चित्र गप्प उभं राहतं आणि जे झालं ते दाखवतं. याचा तुला राग येणार हे माहीत होतं, म्हणूनच मागच्या पत्रात गाळलं. आईला तूच सांग, माझ्यापेक्षा गोड शब्दांत.

राग आला तरी उत्तर पाठव. रागाचं पत्रही मी जपून ठेवीन.
तुझी,
भिंगरी


२ एप्रिल

भिंगरीस,
आशीर्वाद. ('चि.' पुढच्या पत्रात लावीन, राग उतरला तर.)

ताईला सांगितलं. ती म्हणाली, बसून काम आहे ना, मग झालं तर. एवढ्यावर विषय संपवून ती कपडे वाळत घालायला गेली. माझ्या बाजूने कोणीतरी बोलावं म्हणून मी बेकरीवाल्या बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, भाची कामात चोख आहे का. मी म्हटलं, अगदी. तर त्या म्हणाल्या, मग तुम्हाला राग तिच्या चुकण्याचा नाही, बरोबर असण्याचा आहे. म्हटलं, उत्तर मध्यंतरानंतर देतो. मध्यंतरानंतर आपण दोन गोल खाल्ले, त्यामुळे राहूनच गेलं.

पण एक सांगतो, ते तू नीट वाच. तुझ्या आजोबांना तू फारसं पाहिलं नाहीस. माणूस चांगला, पण हात कधी पाठीवरून फिरणार नाही. मी पास झालो तर मान हलवायची, नापास झालो तर दुसऱ्या दिशेने हलवायची. त्यांनी मला जवळ घेतलं ते फक्त मैदानात, गोल झाला की. स्वेटरच्या लोकरीत माझं नाक दाबलं जायचं आणि श्वास कोंडायचा. मी सबंध आठवडा त्या कोंडण्याची वाट बघायचो. तेव्हा जर कोणी म्हटलं असतं की थांबा, आधी तपासून घेऊ, तर बाबांनी हात मागे घेतले असते आणि परत पुढे केले नसते. माझं तुझ्या यंत्राशी भांडण बरोबर-चूक याचं नाही गं. आनंदाला थांबवून ठेवलं की तो तसाच्या तसा परत येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

असो. घशाला जपत जा, त्या थंड खोलीत. शेवटचा सामना आपल्याच मैदानावर आहे. बहुतेक त्यावरच ठरेल: जिंकलो तर या विभागात राहू, नाहीतर खालच्या विभागात जाऊ. 
लोभ आहेच, फक्त सध्या तोंड फिरवून बसला आहे.
मामा


१२ मे

ती. मामास,
नमस्कार. पुढचं वाचून मग आशीर्वाद द्यायचा की नाही ते ठरव.

कालच्या सामन्याला खोलीत मी होते. काम वाटून दिलं तेव्हाच मी आमच्या मुख्य पंचांना, म्हणजे डॉक्टरांना, सांगितलं की माझा सख्खा मामा या संघाचा भक्त आहे. त्यांनी विचारलं, तो खेळणार आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाले, मामा नसलेली माणसं शोधत बसलो तर खोली रिकामी राहील.

अगदी शेवटी गोल झाला तेव्हा एका पडद्यावर तुमचा स्टँड होता. त्या गर्दीत तू मला लगेच सापडलास. तू हिरव्या कोटातल्या एका बाईंना घट्ट मिठी मारली होतीस. तुला एवढं हसताना मी कधी पाहिलेलं नाही. आणि मग मला मान वळवून माझ्या पडद्याकडे बघावं लागलं.

एका कॅमेऱ्यासमोर झेंडा आला होता, दुसऱ्यात पाय दिसत नव्हता, म्हणून इतका वेळ लागला. शेवटी मला हवा तो कोन मिळाला. मामा, खांदा पुढे होता. केसाएवढा नाही, त्यांच्या शेवटच्या बचावपटूच्या चांगला पुढे होता, सरळ ऑफसाइड. मी चित्र थांबवलं. अगदी रोजच्यासारखं, आणि त्याचंच मला घरी आल्यावर रडू आलं. डॉक्टर मऊ आवाजात गोल नाही म्हणाले, आणि तुम्ही खालच्या विभागात गेलात.

चुकीचं काही केलं नाही हे मला माहीत आहे. तरी तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नाही. उत्तर आलं नाही तर मी समजून घेईन, पण आलं तर फार बरं वाटेल.
भिंगरी


२० मे

चि. भिंगरीस,
('चि.' लावलं आहे, बघ.) मामाचे पुष्कळ आशीर्वाद.

आधी डोळे पूस. तू म्हणतेस खांदा पुढे होता, म्हणजे होता. तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर मी जन्मभर वाद घातला असता. तू माझी ती सोय घालवलीस.

आता इकडची हकीकत. गोल झाला आणि मी उडी मारली. माझ्या डावीकडे जिना, उजवीकडे बाई. जिन्याला मिठी मारता येत नाही. त्यांनीही मारली, हे तू पाहिलंच असशील. आणि तेवढ्यात फलकावर तपासणीची पाटी आली.

आता आली का पंचाईत. सोडावं, तर गोल गेला असं आपणच कबूल केल्यासारखं. धरून ठेवावं, तर कुठल्या नात्याने? सगळं मैदान फलकाकडे बघतंय आणि आम्ही तसेच उभे. मग मिठी सोडून नुसता हात धरून ठेवण्यावर तडजोड झाली. तुला तो कोन सापडेपर्यंत करायचं काय, म्हणून आम्ही बोलायला लागलो. बाईंनी सांगितलं की त्यांना फुटबॉल मुळात आवडायचाच नाही. नवऱ्याच्या सोबतीला यायच्या. ते गेल्यावर तिकीट परत करायला निघाल्या आणि वाटेत लक्षात आलं की शनिवारी आपल्याशी हक्काने भांडणारं कोणी आता एवढ्याच जागी उरलं आहे. मी विचारलं, कोण भांडतं तुमच्याशी. त्या म्हणाल्या, तुम्ही. मी सांगितलं की मला तर तुमचं नावही माहीत नाही. मग त्यांनी नाव सांगितलं.

आणि गोल रद्द झाला. माझी मान खाली गेली. मी हात काढून घ्यायला लागलो, तर बाई म्हणाल्या, "गोल दिला नाही म्हणून हात सोडलाच पाहिजे असं नाही."

भिंगरी, आपण खालच्या विभागात गेलो त्या दिवशी लोक रडत बाहेर पडत होते आणि मला खरोखर लाज वाटत होती, कारण मी हसत होतो. बाईंनी दुकान उघडून गरम पाव आणि लोणी खायला घातलं. मी त्यांच्या शटरची कुरकुर ऐकली आणि ग्रीस लावून द्यायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी केली. खालच्या विभागाला टीव्ही विचारत नाही, म्हणून सामने शनिवारी दुपारीच. तिकीट कागदाचं, तेही निम्म्या दरात. आणि तपासणीची खोलीच नाही, परवडत नाही म्हणे. मला वाटतं, तू आम्हाला शिक्षा म्हणून माहेरी पाठवलंस.

सुट्टी काढून ये. ताई वाट बघते आहे, मी बघतो आहे, आणखीही कोणी बघतं आहे. 
तुझा, पूर्वीसारखाच,
मामा


९ सप्टेंबर

ती. मामास,
साष्टांग नमस्कार, आणि या खेपेला अगदी पायांपाशी.

सुखरूप पोचले. घसा अजून बसलेला आहे. आईने दिलेला डबा गाडीतच संपला.

शनिवारचा सामना डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यांच्या खेळाडूने गोल केला तेव्हा तो तीन पावलं ऑफसाइड होता. लाइनमनने झेंडा वर केला नाही. तू माझ्याकडे वळलास आणि मी मान हलवली. तेवढंच तुला पाहिजे होतं. इतक्या मनापासून, इतक्या चढत्या सुरात तू त्या लाइनमनला धुतलंस की शेवटी तो वळून म्हणाला, अहो काका, मी सकाळी टपाल वाटून आलोय, डोळे थकतात. सगळा स्टँड हसला, तूही हसलास, आणि गोल त्यांच्याच नावावर राहिला. मी मात्र मनातल्या मनात ते चित्र मागे नेत बसले. चूक ती चूक, मामा. सोमवारी मी माझ्या खोलीत जाऊन बसले आणि खुर्ची बरी वाटली, हेही सांगून टाकते.

पण आपला गोल झाला तेव्हाचं मला काहीच सांगता येत नाही. कोणी पास दिला, खांदा कुठे होता, मी पाहिलंच नाही. बाईंनी मला एकदम ओढून घेतलं आणि त्यांच्या कोटात भाजलेल्या पिठाचा वास होता, एवढंच आठवतं. माझ्यासारखीने एवढंच आठवावं, हे डॉक्टरांना सांगितलं तर कामावरून काढतील.

आणि मामा, बेकरीचं शटर लोण्यासारखं सरकतं. एकदा ग्रीस लावून तसं होत नाही. कितीदा जातोस तिकडे? आई म्हणते, विचारू नकोस. म्हणून विचारते आहे.
लोभ वाढलाच आहे, आता कारण कळव.
तुझी,
भिंगरी


३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
मामाचे आशीर्वाद, घाईघाईत.

कारण कळवतो. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आम्ही लग्नाची नोंदणी करतो आहोत. सकाळीच, कारण दुपारी बाहेरगावी सामना आहे आणि बस कचेरीच्या दारातूनच सुटणार आहे. ताईने नवी साडी घेतली आणि बसमध्ये चुरगळेल म्हणून दुसरीही घेतली. तू उभं राहायला बरे असे बूट आण, तिथे खुर्च्या नाहीत. सुट्टी मिळत नसेल तर तुझ्या डॉक्टरांना सांग की मामा खरोखरच खेळतो आहे.

खालची जागा मागून घेतली गेली आहे, म्हणून इथेच थांबतो.
मामा

ता. क. भिंगरी, हे मी लिहिते आहे. तुझ्या मामांनी लिहायचं टाळलं की लग्नाचं विचारलं मी. ते तेव्हा आमच्या कणीक मळायच्या यंत्राखाली आडवे होते, नुसते पाय दिसत होते. आतूनच हो म्हणाले. मग बाहेर येऊन, तोंडाला ग्रीस तसंच ठेवून, परत एकदा हो म्हणाले आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही सांगितलं. नोंदणीला दोन्ही बाजूंचे साक्षीदार लागतात. त्यांच्या बाजूने तुझी आई आहे. माझ्या बाजूला घरचं असं कोणी उरलेलं नाही. तू माझ्याकडून सही करशील का?

तुझी,
मामी