हत्तीच्या पेटीवरील जकात

शके १८६१, मार्गशीर्ष शुद्ध तृतीया. सोलापूर.

इंग्रजी मुलखात येण्याचा माझा हेतू धार्मिक आहे, हे आरंभीच नमूद करतो. हळ्ळीखेडच्या मारुती मंदिरात बावीस वर्षे मी पुराण सांगतो. चन्नबसप्पाने कापडाच्या दुकानात ग्रामोफोन मांडल्यापासून चार श्रोते उरले. त्यांपैकी एक ठार बहिरा. अतएव आज रेडिओ खरेदी केला. मुंबई स्टेशनवरून भजने लागतात. मंदिरात भजन लागले की श्रोते परततील, आणि बसलेच आहेत म्हणून पुराणही ऐकतील.

रेडिओ भरलेली पेटी लाकडी, भक्कम. दुकानदाराचे चिन्ह म्हणून वर काळ्या शाईचा हत्ती. दुकानदार म्हणाला, बुवा, निजामाच्या मोगलाईत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरा, पावती घ्या, लायसन्स काढा. मी म्हटले, बावीस वर्षे गावात माझ्या शब्दाला दुसरी साक्ष लागलेली नाही. उद्या जकात भरणार. निश्चय पक्का.

चतुर्थी, सकाळ. धर्मशाळा.

झोप नाही. डास होते. शेजारच्या उदगीरकडील गृहस्थाने सांगितले, की नाक्यावर एकाचे साधे घड्याळ पाहून दोन दिवस बसवून ठेवले. आता तर युद्ध सुरू आहे. रेडिओ दिसला तर कोणाच्या बातम्या ऐकता, असे विचारतील.

मला भीती वाटत नाही. मात्र विचार केला. जकात मनुष्याच्या मालावर असते. रेडिओ देवळासाठी घेतला, म्हणजे तो देवाचा. देवाच्या वस्तूवर जकात कोण मागणार? सिद्धांत निर्दोष आहे. पेटीस लाल रेशमी कद गुंडाळला, वर तुळस ठेवली, स्वतः सोवळे नेसलो. सोवळ्यातील माणसास कोणी शिवत नाही. असत्य बोलणार नाही. मौन पाळणार.

तोच दिवस, सायंकाळ. उमरगा.

मौन पाळले नाही.

मोटार नाक्यावर थांबली. मोटारीत तिघांचा स्पर्श झाला होता. प्रवासात सोवळे मोडत नाही असे मी मानतो. दारोगासाहेबांनी लांबूनच विचारले, पंडतजी, इसमें क्या है? माझ्या मुखातून शब्द निघाला, देव.

तो मी उच्चारला, असे म्हणता येणार नाही. तो निघाला.

दारोगासाहेब सभ्य गृहस्थ. दोन पावले मागे सरले आणि जाने दो म्हणाले. पण तेथील जवान बंडेप्पा आपल्याच गावचा निघाला. त्याने पायातील जोडा काढून हात जोडले, कदाच्या कोपऱ्यातून दिसणारा हत्ती न्याहाळला आणि विचारले, हत्तीवरचा देव व्हय बुवा? कोन्ता? मी म्हटले, नाव यथावकाश प्रकट होईल. कद ओढून हत्ती झाकला. थंडी फार.

पंचमी. हळ्ळीखेड.

बंडेप्पाने पुढच्या मोटारीबरोबर घरी निरोप धाडला होता. वेशीवर हलगी, ओवाळणी, अर्धे गाव. मी सांगणारच होतो. तोंड उघडले तेव्हा चन्नबसप्पाने त्यात पेढा घातला. पेटी मिरवत मंदिरात नेली. अभिषेकाची घागरही आली. मी ओरडून सांगितले, की हा देव अग्नितत्त्वाचा आहे, त्यास पाण्याचा थेंबही चालत नाही. हे कोणत्या ग्रंथात आहे, असे कोणी विचारले नाही. माझ्या शब्दाला साक्ष लागत नाही.

घरी सत्यभामा म्हणाली, अहो, देव आनलाव म्हनता, मग घाम कामून सुटायलाय? मी म्हटले, तेज सहन होत नाही.

नवमी.

बंडेप्पाच्या बायकोने, चन्नव्वाने, आजारी म्हशीसाठी नवस बोलला. म्हैस मरेल, लोकांची श्रद्धा उडेल, मग पेटी हळूच घरी नेईन. उत्तम योजना.

द्वादशी.

म्हैस उठली. चार शेर दूध दिले.

पौर्णिमा.

आज पुराणास साठ श्रोते. सर्वांच्या नजरा पेटीवर. घोड्याच्या टापा ऐकू आल्या की दारोगासाहेब आले असे वाटून मी अध्याय विसरतो. आज टापा टांग्याच्या होत्या. तरीही दोन पाने एकदम उलटली. श्रोत्यांना कळले नाही.

वद्य तृतीया.

बंडेप्पा रजेवर आला. निर्धार केला, की जकातीची रक्कम त्याच्या हाती ठेवून मोकळे व्हायचे. मी म्हटले, बंडेप्पा, देवाप्रीत्यर्थ सरकारातही काही भरावे असे मनात आहे. तो म्हणाला, देवाची जकात घिऊन आमी ते पाप कुटं फेडावं, बुवा? उलट त्यानेच पेटीसमोर नारळ फोडला. पाणी हत्तीवर उडाले. माझ्या छातीत कळ आली. अपचन.

पुढच्या एकादशीस सर्व कबूल करणार. एकादशीस सत्य बोलणे अधिक फलदायी.

वद्य एकादशी.

उपवासाने अशक्तपणा होता. द्वादशीस पाहू.

वद्य त्रयोदशी, सायंकाळ.

चन्नबसप्पाने सोलापुराहून रेडिओ आणला. जकात भरून, पावती घेऊन, लायसन्ससह. पूजेस मलाच बोलावले. म्हणाला, शास्त्रीबुवा, पेटीच्या देवाचं तुमच्यावानी कुनाला कळतंय?

ओसरीवर रेडिओ, शेजारी त्याची रिकामी पेटी. लाकडी. भक्कम. वर काळ्या शाईचा हत्ती.

मंत्र म्हणताना मी एकच ओळ तीनदा म्हटली. बंडेप्पा समोर उभा होता. त्याने हत्तीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग कितीतरी वेळ मंदिराच्या दिशेने पाहिले. इतक्यात रेडिओत भजन लागले. फार गोड.

अमावास्या.

बंडेप्पा नाक्यावर परत जाण्यापूर्वी मंदिरात आला. कोणी नव्हते. मी खांब धरला. तुरुंगात सोवळ्याची व्यवस्था असते काय, हा एकच प्रश्न मनात.

तो पेटीस नमस्कार करून बसला. म्हणाला, बुवा, आमच्या म्हशीचं तर खरंच बरं झालं. चन्नव्वाला मी काय बी सांगनार न्हाई. मग उठून जोडा घालताना म्हणाला, मुक्या देवाला जकात न्हाई. पन बोलाया लागला की दंडासकट भरावी लागल. ध्यानात असू द्या.

मी म्हटले, असू देतो.

पौष शुद्ध द्वितीया, सायंकाळ.

आज पुराणास श्रोते तीन. बाकीचे चन्नबसप्पाच्या ओसरीवर. तेथून भजन येथवर स्पष्ट ऐकू येते. बहिरा मात्र नेमाने आला. सत्यभामाही तिकडेच गेली आहे. जाताना म्हणाली, त्येंचा देव गातोय, आपला कामून गप्प? मी म्हटले, त्याचे मौनव्रत आहे.

आरती केली. पेटीवरील नारळाचे डाग पुसले. देव बोलला नाही. मीही बोललो नाही.