पाहुण्यांची दांडी

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हातोडा थांबलाय तेवढ्यात लिहिते. पुन्हा सुरू झाला की टेबल हलेल आणि अक्षर बिघडेल, सांभाळून घे. बाथरूम आणि अडगळीची खोली यांच्यामधली भिंत अर्धी पडली आहे. उरलेली अर्धी राहणार. तिच्यावर बाबांचा टॉवेल अडकवायचा खिळा आहे.

कंत्राटदारबाई कशा आहेत, असं तू विचारलं होतंस. ‘होऊन जाईल’ असं त्या म्हणत नाहीत, हे पहिलं. रोज सकाळी गवंड्याच्या आधी येतात, माझ्याबरोबर चहा घेतात, आज काय होणार आणि मी काय ठरवायचं राहिलंय ते सांगतात. गवंड्याला मी परस्पर काही सांगायचं नाही. जे खटकेल ते त्याच दिवशी त्यांच्या कानावर घालायचं. फरशी बसल्यावर त्यांना ऐकू येत नाही, असं म्हणाल्या. हसल्या नाहीत.

त्यांना एक माप हवंय. कमोडवरून उठताना बाबांचा हात जिथे जाईल तिथे आधाराची दांडी बसवायची आहे. त्यांना स्टुलावर बसव, उठायला सांग, हात भिंतीला लागेल तिथे खूण कर आणि उंची कळव. ऑपरेशननंतर ते तुझ्याकडेच आहेत, त्यामुळे हे तुलाच करावं लागेल.

खिळा जागेवर आहे, हे त्यांना आवर्जून सांग.

कळावे, धुळीसकट लोभ असू दे.
तुझी,
चिमणी

८ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत सुतळी पाठवतो आहे. एक टोक जमिनीला लावायचं, गाठ येईल तिथे दांडी. आकडे लिहिले की तू उलटे वाचतेस, म्हणून सुतळी.

महिनाअखेरीस डॉक्टर बाबांना प्रवासाची परवानगी देतील असं दिसतं. पण माझं म्हणणं तेच आहे. बाथरूम तयार नसेल, किंवा बाबांना तिथे एकट्याने उठता-बसता येणार नसेल, तर ते इथेच राहतील. तू दिवसभर कामावर असतेस. पुन्हा पडले तर कोण आहे तिथे? बाबांनाही हे सांगितलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पिशवी मात्र भरून पलंगाखाली ठेवली आहे. रोज बाहेर काढतात आणि पुन्हा आत सारतात.

बाईंचं ऐकून बरं वाटलं, पण काळजी तुझीच वाटते. नवा बूट चावतो हे दुकानदाराला सांगायला लाजणारी तू, कंत्राटदाराला काय सांगणार? तो चावरा बूट घालूनच घरी आली होतीस. वहिनी म्हणते, तिला उगाच डिवचू नका. थांबतो.

तब्येतीला जप. आमच्यावर राग धरलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझा,
दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुतळी पोचली. बाई कुठलीही गोष्ट पक्की करण्याआधी वापरून पाहायला लावतात. काल गवंड्याने गाठीच्या उंचीवर दांडी नुसती धरली आणि मला कमोडवर बसून उठायला सांगितलं. हात खांद्याच्याही वर गेला. बसमध्ये लोंबकळतात तसं वाटलं. मी ठीक आहे म्हणाले.

मग दिवसभर कशात लक्ष लागेना. माप तुझं होतं, धरणारा गवंडी होता, मी कोण शंका काढणारी? पण आज सकाळी चहा ओतता ओतता बोलून टाकलं. बाबा हल्ली माझ्याएवढेच उरलेत, मग ही गाठ कुणाच्या उंचीची, असं विचारलं.

बाई चिडल्या नाहीत. कालच बोलला असता तर कालचा दिवस वाचला असता, एवढं म्हणाल्या. मग म्हणाल्या की त्यांचंही चुकलंच. उंची विचारली, बसले कसे होते ते विचारलं नाही. त्या भिंतीचं काम थांबवलं आहे. फरशीला चुकीच्या जागी भोक पडलं की ते बुजत नाही. गडी तोवर दाराचा उंबरा काढताहेत, वॉकर अडायला नको म्हणून.

त्यांचा एकच निरोप आहे. माप घेताना तू बाबांना नेमकं काय सांगितलंस ते कळव.

बूट आता चावत नाही, हेही कळवते.

लवकर लिही. भिंत वाट बघते आहे आणि मीही.
तुझी,
चिमणी

१९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी राग आला. मी दोनदा गाठ तपासली होती. वहिनीने पत्र घेतलं, वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. म्हणाली, जन्मभर शाळेत कवायत घेतलेल्या माणसाला तुम्ही माप घ्यायचंय म्हणून सांगितलंत, दुसरं काय होणार?

तसंच झालं होतं. बाबा स्टुलावर सावधान बसले होते. छाती पुढे, हनुवटी वर, हात सरळ वर ताणलेला. मी त्या हाताखाली गाठ मारली.

म्हणून काल सकाळी काही न सांगता दाराआड उभा राहिलो. एरवी त्यांची हालचाल ऐकली की मी धावत जाऊन काखेत हात घालतो. काल गेलो नाही. त्यांनी एक हात पलंगाच्या कडेवर टेकला, दुसरा शेजारच्या खुर्चीच्या बैठकीवर, अगदी खाली. पुढे वाकले. थोडं थांबले. मग उठले. एकटे.

त्यांना उठता येतं, चिमणे. फक्त खालून. मी इतके दिवस त्यांना वरून ओढत होतो.

नवी सुतळी सोबत आहे. बाईंना माझा नमस्कार सांग. डॉक्टरांशी बोललो, तिकिटं काढतो आहे. खाली बाबांनी चार ओळी लिहिल्या आहेत. माप चुकलं, दांडी खाली घेणार, एवढंच मी त्यांना सांगितलं.

सर्वांचा लोभ तुझ्यावर आहेच, तुझाही इकडे राहो.
तुझा,
दादा

चि. चिमणीस आशीर्वाद. दांडी खाली घेणार असे समजले. हरकत नाही. आपल्याकडे वयस्क पाहुणे येतात, त्यांची सोय होईल. खिळा हलवू नये. — बाबा

१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांना इथे सोडून तू स्टेशनवर गेलास आणि थोड्याच वेळात बाई आल्या. मी बोलावलं नव्हतं. काम संपलं तरी राहतं घर एकदा बघून जातात, अशी त्यांची पद्धत आहे.

बाबांनी त्यांना स्वतः बाथरूम दाखवलं, जणू त्यांनीच बांधलंय. दांडी धरून हलवून पाहिली आणि ही पाहुण्यांसाठी आहे, असं सांगितलं. बाई गंभीरपणे म्हणाल्या की पाहुण्यांसाठी अशा दांड्या त्यांनी पुष्कळ घरी बसवल्या आहेत, सगळ्या याच उंचीवर. बाबा खूश झाले. कोपऱ्यातली एक फरशी जरा पिवळट आहे, ते मी तिथेच सांगितलं. बदलून देतील.

जाताना तू दोनदा मागे वळून पाहिलंस. म्हणून हे पत्र आज पाकिटात घालत नाही. उद्याचं लिहून मगच टाकीन.

वहिनीला हसू पुरवून ठेवायला सांग. लोभ आहे तसाच असावा, थोडा वाढला तरी चालेल.
तुझी,
चिमणी

ता. क. २ मार्च, सकाळ. बाबांनी मला हाक मारली नाही. मी उठले तेव्हा ते खुर्चीत बसून पेपर वाचत होते आणि चहाला उशीर झाला म्हणाले. खिळ्यावर टॉवेल होता. पाहुण्यांची दांडी ओली होती.