चौदाव्या दिवसाची पाळी

चि. गंगाराम यास थोरल्या भावाचे आशीर्वाद. इकडे घर, गुरं, कलमं सगळं ठीक आहे. मी तेवढा मरायला टेकलो आहे, बाकी काळजीचं कारण नाही. तुझा गुडघा काय म्हणतो?

देवरूखच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितले, त्याला आता दीड महिना होईल. त्याच दिवशी आपल्या भजनी मंडळाने माझ्या उशाशी बसायच्या पाळ्या लावल्या (चाळीस वर्षं मृदंग बडवल्याचं हे फळ). येणारा रिकाम्या हाताने येत नाही, पेज आणतो. रोज सात घरांची पेज. नको म्हटलं की माणसं रडवेली होतात, म्हणून पितो. वजन दोन किलोंनी वाढलं आणि मंडळाचा प्रमुख धाकू, ज्याने तिरडीचे बांबू आधीच तोडून ठेवलेत, तो मला बघून जाड बांबू शोधायला लागला आहे.

माझ्यामागे मृदंग पतपेढीतल्या सर्वेशकडे जाणार. त्याची तालीम माझ्याच खाटेशी चालते, तीही मला पोचवताना म्हणायच्या अभंगांची. पन्नाशीचा माणूस, पण समेवर येईल तर शपथ. परवा न राहवून मी उठून बसलो आणि माझ्याच अंत्ययात्रेचा अभंग वाजवून दाखवला. सगळे रडले (सुरात रडले, हे विशेष).

आता भाताची लावणी तोंडावर आली. काल धाकूने तुझ्या वहिनीला अगदी आडून विचारलं, "वयनी, लावनीच्या आदी का मंग, तेवडा समाजला तर बरा." कमळा खूप दिवसांनी हसली. घर माणसांनी भरलेलं असलं की ती बरी असते. मी झोपलो असं वाटलं की मात्र गोठ्यात जाऊन रडते. ते मला सोसत नाही.

तू रजा काढू नकोस. मंडळ सगळं निभावेल.

तुझा दादा,
केरू

ता. क. धाकूने माझ्यामागच्या पाळ्याही भिंतीवर लावल्यात. लाकडं कोणाची, जेवण कोणाचं, कमळाच्या सोबतीला कोण, सगळं तेराव्यापर्यंत. चौदाव्या दिवसापुढे कोणाचंच नाव नव्हतं. तिथे मी तुझं घातलं आहे.

ता. क. २. रजा कधीपासून मिळते ते लगेच कळव. त्यातून चौदा दिवस वजा करून मी माझं बघतो.