बदकासकट इतेक सिओ

हॅम्बर्ग, ४ मार्च २०२४

ती. बाबांस,
ऊर्मिलाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून पत्र. श्टांडेसआम्टमधून, म्हणजे इथल्या लग्ननोंदणी कचेरीतून, १४ जूनची तारीख मिळाली. रात्रीचं जेवण एड्रियनच्या आईकडे, रोझीआँटींकडे.

घोळ तिथेच झालाय. त्या मलाक्काच्या पेरानाकान. शेकडो वर्षांपूर्वी तिथे स्थायिक झालेल्या चिनी लोकांपैकी. त्यांच्या घरात लग्नाला इतेक सिओ लागतंच. धने, चिंच, गूळ घालून मंद आचेवर शिजवलेलं बदक. तुम्ही त्या टेबलाला बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी सुचवलं, त्याच रश्श्यात फणस घालू आणि नाव तेच ठेवू. त्या शांतपणे म्हणाल्या, “इतेक म्हणजेच बदक. बदक नसेल तर मी काहीच करणार नाही.” नंतर त्या उठून आत गेल्या. आठवडा झाला, आमच्याशी फक्त कामापुरतं बोलतात. एड्रियन म्हणतो, हॉटेलात जेवू.

तुम्ही या एवढंच मागणं. गुडघ्याला तेल लावत जा. तुमची माया अशीच राहू दे.
तुमची ऊर्मिला

सांगली, २९ मार्च २०२४

चि. ऊर्मिलास अ. उ. आ.

पत्र पोचलं. व्हिसाची कागदपत्रं शेजारच्या मोहनने भरून दिली. मी येतोय.

हॉटेल नको. मुलाच्या लग्नात घरचा पदार्थ करू नका, असं विहीणबाईंना सांगणारा व्याही मला व्हायचं नाही. मी मांस खात नाही, ही माझी गोष्ट. त्यांना सांग, बदकासकट करा आणि नाव पूर्ण घ्या. मला वरणभात पुरे, तो तू लाव. वास सोसेल की नाही, ते मात्र आज सांगता येत नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. थंडी अजून असेल, कान झाकून हिंडत जा.
तुझा बाबा

हॅम्बर्ग, २ जुलै २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं मोहनदादाने कळवलं. बरं वाटलं.

एक सांगायचं राहिलं. त्या रात्री पातेलं टेबलावर आलं, तसे तुम्ही उठलात. मला वाटलं, वास सोसेना, बाहेर निघालात. पण तुम्ही बाह्या सरसावून आँटींच्या हातातला डाव घेतलात आणि मुलीच्या बापासारखे वाढायला लागलात. एड्रियनच्या बॉसना मराठीत आग्रह केलात. त्यांना शब्द कळला नाही, पण ताट पुढे झालं. आँटींना तुम्ही हात धरून बसवलंत आणि म्हणालात, “इतेक सिओ. घ्या, विहीणबाई.”

काल आँटींनी सांगितलं, नवरा गेल्यापासून अकरा वर्षं त्या पाहुण्यांच्या मागून, स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवतात. आपलाच पदार्थ बसून, गरम असताना खाल्ला तो त्या रात्री. सांगताना त्यांना रडू आलं.

नोव्हेंबरात त्या सांगलीला यायचं म्हणतायत. त्यांना काय वाढायचं, ते तुम्ही ठरवा.

एड्रियनचा नमस्कार. आम्हा दोघांवर जीव असू द्या.
तुमची ऊर्मिला