दादाच्या जागी

खराडी, पुणे

ती. आईस नमस्कार,

मी बरा आहे. डबा वेळेवर येतो. फोनवर तू रडतेस आणि मला काही सुचत नाही, म्हणून लिहितोय. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुला दिलेला शब्द मोडलेला नाही. मी कड्यावर चढत नाही. दादा रस्त्यावरच्या अपघातात गेला, तरी तुझा राग त्या कड्यावर आहे, हे मला कळतं.

मी त्याच्याकडचे मंडळाचे दोर परत करायला त्याच्या प्रस्तरारोहण मंडळात गेलो होतो. दादा तिथे बिनपगारी प्रमुख होता. प्रत्येकाच्या कमरेची गाठ त्याने स्वतः ओढून पाहिल्याशिवाय कुणी पाय उचलायचा नाही, असा त्याचा नियम होता. त्या दिवशी सगळे दोर बांधून उभे होते, पण कुणी चढेना. शेवटी त्यांच्यातली शेफाली म्हणाली, "उत्तरेश्वर, तू बघ. त्याने तुलाच शिकवलंय."

मी प्रत्येकाची गाठ ओढून पाहिली. तेव्हापासून दर रविवारी मीच पाहतो. एखादी गाठ सुटली तर, हा विचार आठवडाभर डोक्यातून जात नाही. शेफालीला म्हटलं, दुसरं कुणी शोध.

"शोधलं की," ती म्हणाली. "चढायला अकरा जण आहेत, खाली थांबायला तू एकटा."

दादाचं वर्षश्राद्ध रविवारी येतंय. मी येतोय. त्या दिवशी चढू नका, असं त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग आम्हीही येतो."

आई, तूच त्यांना येऊ नका म्हण. मला जमत नाही.

तुझा धाकटा,
उत्तरेश्वर