पडलेला माणूस उठतो

४ फेब्रुवारी

तानिमू हो म्हणाला! माझा अजून विश्वास बसत नाही. तीन वर्षं धाकट्याच्या मागे लागलो होतो – खाटकांचा तो दांबेचा खेळ सोड, मुष्टियुद्धाच्या रिंगणात ये. थोरल्याला 'याया' म्हणत दर वेळी हसण्यावारी न्यायचा. "याया, ते हाताला उशा बांधून भांडतात. उशीने माणूस झोपतो, पडत नाही." आज खाटीकखान्यातून थेट माझ्याकडे आला, हातावरचं रक्तही धुतलं नव्हतं. "बरं, शिकव. पण इन्नाला तू सांगायचंस."

सांगितलं. इन्ना, आमची आई, तुवोचं पीठ घोटत होती. "पडल्यावर उठून पुन्हा मार खायचा, तोच ना तो खेळ?" एवढंच म्हणाली.

९ फेब्रुवारी

कॉलेजच्या पत्रिकेसाठी लेख. सकाळभर बसलो. दांबेत एक हात भाला – कापड गुंडाळून दोरीने आवळलेला. दुसरा ढाल, उघडा. मारायचं भाल्यानेच. मुष्टियुद्धात दोन्ही हात दोन्ही कामं करतात. दक्षिण आफ्रिकेत खोसांच्या काठ्यांच्या खेळात पुन्हा आमच्यासारखंच – एक काठी मारायला, एक अडवायला. सेनेगलच्या कुस्तीत पाठ टेकली की संपलं. आमच्यात तर गुडघा टेकला, नुसता तळहात टेकला तरी संपलं. "मेला" म्हणायचं आणि पाठ फिरवून ढोलवाल्यांकडे जायचं. पडलेल्याकडे टक लावून बघत उभं राहणं हलकटपणा.

मुष्टियुद्धात मात्र पंच मोजायला लागतो.

निष्कर्ष लिहिला: मुष्टियुद्ध अधिक सुरक्षित. हातमोजे, वजनगट, डॉक्टर हजर. खोडलं. पुन्हा लिहिलं. तानिमूला काही होऊ नये म्हणून मी हे करतोय, की कॉलेजात भावाचं नाव सांगताना मला अवघडू नये म्हणून? खरं उत्तर मला माहीत नाही.

१३ फेब्रुवारी

सराव. डावा हात सारखा उघडतो. "ढालीने कोणी मारतं का, याया?" समोरच्याला पाडलं की हा पाठ फिरवून चालू लागतो. ओरडून घसा बसला माझा – "पडलेला माणूस उठतो! कोपऱ्यात जा, हात वर, नजर त्याच्यावर!"

"उठतो कशाला निर्लज्ज?"

खाटकांचे म्होरके बाबा गांबो कडेला बसून कोलाची बी चघळत होते. कॉलेजात शिकवतो म्हणून मला सगळे मालम म्हणतात. म्हणाले, "मालम, पोराला भुतांशी लढायला शिकवताय."

सगळे हसले. मीही.

१८ फेब्रुवारी

जमलं! बारा वेळा पाडलं, बारा वेळा कोपऱ्यात गेला. एकदाही नजर हलली नाही.

२१ फेब्रुवारी

दवाखान्याच्या बाकावर लिहितोय. 

आजच्या लढतीत, दुसऱ्या फेरीत, तानिमूने जोस शहरातल्या दाचुंगला पाडलं. उजव्याचा एकच ठोसा! सगळी खाटीकआळी उसळली, ढोल सुरू झाले. पंच मोजत होता. आठाला दाचुंग उठला, पंच "लढा" म्हणाला – आणि तानिमूचं तिकडे लक्षच नाही! हात खाली, तोंड आमच्याकडे. डाव्या कानशिलावर दाचुंगचा ठोसा बसला. पडताना डोकं फळीवर आपटलं.

सगळं नियमात झालं. सगळं! हातमोजे होते, वजन सारखं होतं, डॉक्टर हजर होते.

पंच तेव्हाही मोजत होता. एक, दोन, तीन… कुणासाठी?

२२ फेब्रुवारी

डोक्यात साकळलेलं रक्त काढलं. शुद्ध नाही. त्याची बायको लाराय माझ्याशी बोलत नाही.

इन्ना म्हणाली, "त्याला सांगितलं नव्हतंस?"

"रोज सांगितलं, इन्ना."

"मग?"

"सवय."

आज हा शब्द किती जणांना सांगितला, मोजलं नाही. डॉक्टर, पंच, बाबा गांबो. दाचुंगलाही. तो दुपारी आला, दारातच उभा राहिला. "मालम, देवाशपथ, मला वाटलं तो बघतोय." एवढा आडदांड माणूस हुंदके देऊन रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, तुझा दोष नाही. सवय.

२४ फेब्रुवारी

अजून नाही.

२६ फेब्रुवारी

डोळे उघडले! मला बघून म्हणाला, "याया, तो उठलाच की रे."

उजवा हात मात्र हलत नाही. मूठ वळत नाही. डॉक्टर म्हणतात, थोडी ताकद येईल, पण सुरी धरण्याइतकी सांगता येत नाही. खाटकाचा उजवा हात! हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. पण मघाशी तो डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून मिटत होता. ती पुन्हा उघडत होती.

इन्नाने विचारलंच. नजर का हटवलीस?

"माझी चूक, इन्ना. सवय. यायाला काही बोलू नकोस."

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

२८ फेब्रुवारी

लेख पुरा केला. शेवटी एक परिच्छेद घातला – दांबेची सवय नव्या रिंगणात किती घातक ठरू शकते. उदाहरण दिलं. नाव दिलं नाही. पाठवून दिला.

१ मार्च

लारायने मोबाइल पुढे धरला. तिच्या बहिणीने काढलेलं चित्रण. "बघा, मालम. आवाज मोठा करून बघा."

तानिमू कोपऱ्यात. हात वर, नजर दाचुंगवर, जराही हलत नाही. पंच म्हणतो पाच. पंच म्हणतो सहा. ढोलांच्या वर एक आवाज चढतो, फाटलेला, आनंदाने वेडा झालेला – "मेला! तानिमू, मेला! ये इकडे!"

माझा आवाज.

तो ऐकतो. हात खाली घेतो, वळून मला शोधतो, आणि हसतो.